कुठल्या दप्तरात, कुठल्या बाडात

रामदासी वाङ्मयावरचा एखादा जुना संशोधनग्रंथ उघडला की तळटिपांत धुळं भेटतं. अमुक पदाचा पाठ कुठून घेतला, तमुक पत्र कुठे पाहायला मिळेल, याचं उत्तर तिथे एका ओळीत दिलेलं असतं: धुळे, आणि पुढे बाडाचा अंक. बाड म्हणजे शिवलेली जाड वही. मठातला शिष्य तिच्यात मिळेल ते उतरवून घेई. समर्थ रामदासांची करुणाष्टकं, त्यांचे शिष्य कल्याणस्वामींची पदं, एखादा नाथांचा अभंग, मध्येच कुठे आरती, कुठे गुरुपरंपरा. अशा वह्या मठामठांतून आणि घराघरांतून पांझरेच्या काठी, धुळ्याला आल्या, त्यांच्यावर अंक पडले, आणि त्या अंकांच्या भरवशावर पुढच्या पिढ्यांनी ग्रंथ लिहिले.

वह्या गोळा करणाऱ्यांचं आपल्याकडे थोडंफार कौतुक झालं. वहीवर अंक घालून तो यादीत चढवणं आणि ती यादी वर्षानुवर्षं खरी ठेवणं, या कामाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. हा लेख त्या कामाविषयी आहे. आज ते काम फक्त संशोधन मंडळांपुरतं राहिलेलं नाही. कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात ते चालतं, बँकेच्या आणि विद्यापीठाच्या सर्व्हर खोलीत रात्री दोन वाजता चालतं. सगळीकडे अडचण सारखीच आहे. मूळ ऐवज वाढतो, त्याच्या प्रती वाढतात, आणि या दोहोंपेक्षा वेगानं प्रतींची यादी वाढते. प्रत हाताशी आहे आणि तिचा ठावठिकाणा सांगणारी यादी बिघडली आहे, तर गरजेच्या दिवशी ती प्रत नसल्यातच जमा होते.

धुळ्यात हे काम सुरू झालं ते शंकर श्रीकृष्ण देवांमुळे. देव (१८७१ ते १९५८) व्यवसायानं वकील. १८९३ साली त्यांनी धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली, आणि रामदासी साहित्य शोधणं, जमवणं, छापणं हा तिचा मुख्य उद्योग बनला. सीनेकाठच्या डोमगावच्या मठात कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत होती. तिच्यावरून देवांनी १९०५ साली दासबोध छापला. १९३० साली शिवथरघळीचा शोध लावला तोही त्यांनीच. जमलेली हस्तलिखितं ठेवायला श्री समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. समर्थांच्या हस्ताक्षरातलं मानलं जाणारं वाल्मीकि रामायण तिथेच आहे.

दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांहून जास्त ओव्या. छापखाने नव्हते तेव्हा हा ग्रंथ टिकला तो केवळ नकलांवर. एका मठात आग लागली, पूर आला, वाळवी लागली, तरी दुसऱ्या मठात प्रत असे. समर्थांना याचं भान किती होतं, ते एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासावरून कळतं. तो सगळा समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं काढावं, ओळींत अंतर किती राखावं, कागद, शाई, लेखणी कशी असावी, पोथी कशी जपावी. अध्यात्माच्या ग्रंथात हे कशाला, असं पूर्वी मला वाटे. आता वाटतं की ज्याला ग्रंथ पुढच्या माणसाच्या हाती पोचवायचा आहे, तो हे सांगितल्याशिवाय राहूच शकत नाही.

पण नकला झाल्या की यादीचं काम अवघड होतं. ‘दासबोध’ एवढी एक नोंद करून भागत नाही. ही प्रत कुणी लिहिली, कुठे, कोणत्या शकात, कुणासाठी? पूर्ण आहे की मधली पानं गेली आहेत? दुसऱ्या कुठल्या प्रतीवरून उतरवली? जुने लेखक पोथीच्या शेवटी शक, संवत्सर, मास, तिथी, गाव आणि स्वतःचं नाव लिहून ठेवत. त्या दोन ओळी म्हणजे प्रतीची ओळख. ज्या पोथीचं शेवटचं पान हरवलं, तिची ओळख अक्षराच्या वळणावरून, कागदावरून, पाठावरून ठरवावी लागते, आणि यादीतल्या त्या एका नोंदीपायी अख्खा दिवस जातो. शंभर प्रती असतील तर शंभर नोंदी हव्यात, आणि प्रत्येक नोंद बाकीच्या नव्व्याण्णवांपासून वेगळी ओळखू आली पाहिजे. बाडाचं तर आणखी अवघड. बाहेरून वस्तू एकच, अंकही एकच, पण आत पन्नास प्रकरणं. बाडाचा अंक लिहून थांबलात तर आतलं पद कुणालाच सापडणार नाही. प्रत्येक पदाची नोंद केलीत तर यादीच बाडापेक्षा जाड होते.

नावांचाही घोटाळा असतो. शंकरराव देव म्हटलं की पुष्कळांना काँग्रेसचे नेते, गांधीजींचे अनुयायी शंकरराव देव आठवतात. धुळ्याचे देव ते नव्हेत. इतिहासाचार्य राजवाड्यांचं तर याहून बिकट. विश्वनाथ काशिनाथ आणि त्यांचे थोरले बंधू, निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ, हे दोघेही इंग्रजी आद्याक्षरांत ‘व्ही. के. राजवाडे’ होतात. घाईत केलेल्या यादीत धाकट्याचा धातुकोश थोरल्याच्या नावावर जायला वेळ लागत नाही. यंत्राला हे कळत नाही. माहीतगार माणूसच हे सोडवू शकतो.

राजवाड्यांचं आयुष्य म्हणजे कागदांमागची पायपीट. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे मालेचे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, त्याच्या संस्थापकांत ते होते. पुढे तिथे पटेनासं झालं आणि अखेरची वर्षं त्यांनी धुळ्यात काढली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते इथेच वारले. लगेच पुढच्या वर्षी, १९२७ साली, धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. राजवाड्यांच्या माघारी राहिलेल्या लिखाणातून मंडळानं १९३७ साली धातुकोश आणि १९४२ साली नामादिशब्दव्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केले. दोन्हींचं संपादन कृ. पां. कुलकर्ण्यांचं. एखादा माणूस गेल्यावर त्याच्या खोलीतले कागद नुसते सांभाळले, पण कुठल्या गठ्ठ्यात काय आहे हे कुणी लावलं नाही, तर त्यांतून कोश निघत नाही. मंडळात भास्कर वामन भटांसारखी माणसं होती, म्हणून ते लागलं.

देव आणि राजवाडे यांच्या संग्रहांत एक फरक आहे आणि यादी करणाऱ्याच्या दृष्टीनं तो फार महत्त्वाचा आहे. देवांकडे मुख्यतः पोथ्या, राजवाड्यांकडे पत्रं. पाचशे पानांची पोथी असली तरी ती यादीत एका ओळीत बसते. पाचशे पत्रांच्या गठ्ठ्याला पाचशे ओळी लागतात, कारण प्रत्येक पत्राची तारीख वेगळी, लिहिणारा वेगळा, गाव वेगळं. वजन दोन्हींचं सारखं. म्हणजे यादी वाढते ती ऐवजाच्या वजनानं नव्हे, नगांच्या संख्येनं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात हाच प्रश्न आला, आणि फार मोठ्या मापात आला. तिथे सुमारे ३९,००० रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि कागद कोटींच्या घरात. रियासतकार सरदेसाई आणि त्यांच्या साहाय्यकांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून ४५ भाग छापले. निवडलेल्या कागदांना तारीख मिळाली, मथळा मिळाला, सूची मिळाली. बाकीच्यांचा पत्ता आजही बहुतांशी रुमालापर्यंतच आहे: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, अमुक रुमाल. रुमाल सोडायचा आणि एकेक कागद मोडीतून वाचत जायचं. मी याला दोष मानत नाही. हाताशी असलेल्या माणसांत कोटी कागदांची कागदवार यादी होणं शक्यच नव्हतं. त्यांनी यादी ढोबळ ठेवली, पण ती साऱ्या दफ्तराला पुरली. एखाद्याच कोपऱ्याची बारीक यादी करून बाकीचं दफ्तर अंधारात ठेवण्यापेक्षा हे बरं.

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. रोजकीर्द रोज वाढते, आणि एका माणसाचा हिशेब मागितला तर नुसत्या रोजकीर्दीतून तो निघत नाही. त्यासाठी खतावणी लागते, खतावणीत पान सापडायला तिच्या पुढे नावांचं सांकळं लागतं. वही नवी झाली की जुनी माळ्यावर जाते, पण कुठल्या सालची वही कुठल्या गाठोड्यात बांधली हे मुनीम लिहून ठेवतो.

सरकारी कचेऱ्यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिलं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. मुंबई इलाख्यातल्या अँडरसन या मुलकी अधिकाऱ्याच्या नावाची महसुली हिशेबाची नियमपुस्तिका तलाठ्यांपासून कलेक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. कचेरीतल्या टेबलाची शिस्त म्हणजे सहा गठ्ठे पद्धत. चालू प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि नष्ट करायचे कागद. प्रकरण निकाली निघालं की त्याला वर्ग मिळतो. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, ‘क’ म्हणजे दहा, ‘ड’ म्हणजे एक वर्ष. फेरफाराची नोंद जाणार नाही. किरकोळ रजेचा अर्ज वर्षभरानंतर ठेवण्यात अर्थ नाही. पण गाठ इथेच आहे. वर्ग ठरवायचा तो कागद हातावेगळा करतानाच. तेव्हा टाळलं की सगळंच ‘अ’ होतं, कारण पुढे कुणी जबाबदारी घेऊन फाडत नाही. मग माळे भरतात, कक्षात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि खरोखर कायम ठेवायचा कागद त्या ढिगात पुरला जातो.

खानदेशात यावर आणखी एक थर चढला. १८१८नंतर इंग्रजी अंमल आला, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्यात ठाणं केलं, आणि ते गाव त्यानं आखून वसवलं. धुळ्याच्या गल्ल्या आजही नंबरांनीच ओळखल्या जातात. सगळ्या खानदेशाचं दफ्तर इथेच साठत गेलं. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव वेगळं झालं. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघालं. जिल्हा तोडला की माणसं वाटता येतात, खुर्च्या वाटता येतात, पण जुनी नोंदवही दोन जिल्ह्यांच्या गावांची मिळून एकच असते. तिचं काय करायचं? ज्याच्या पणजोबाचा कागद १९०६पूर्वीचा आहे, त्यानं कुठल्या कचेरीत जायचं? विद्यापीठाचंही तेच. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली जळगावात आलं. त्याआधीच्या काही दशकांत खानदेशातल्या महाविद्यालयांतून जे पदवीधर झाले त्यांची पदवी पुणे विद्यापीठाची. ऐवज जिथल्या तिथे राहतो आणि हद्दी बदलतात, तेव्हा यादीत ‘आता हे कुठे मागायचं’ असा नवा रकाना लागतो. तो भरला नाही तर माणूस दोन कचेऱ्यांच्या मध्ये हेलपाटे घालतो.

अशा यादीची किंमत २०२३ साली साऱ्या महाराष्ट्रानं पाहिली. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात, मग राज्यभर सुरू झाला. जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात तो गाव नमुना १४, शाळेची जनरल रजिस्टरं, खासरापत्रकं, जुनी खरेदीखतं. कागद बहुतेक जागच्या जागी होते. मोडीतले पुष्कळ, म्हणून मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. सापडलेल्या नोंदी पन्नास लाखांहून जास्त असल्याचं जाहीर झालं. आरक्षणाच्या वादात इथे शिरायचं नाही. यादी करणाऱ्याला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. ती दफ्तरं गावाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे लावलेली होती, जातीच्या किंवा आडनावाच्या अनुरोधानं नव्हे. प्रश्न नव्या बाजूनं आला आणि जुनी सूची त्या बाजूनं बनलेलीच नव्हती, म्हणून हजारो कर्मचाऱ्यांना पान न् पान चाळावं लागलं. उद्या कुणी पुराची, तापाच्या साथीची किंवा जमिनीची माहिती मागितली, तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची का? त्या मोहिमेत जे वाचलं गेलं, त्याची निदान गाववार सूची करून ठेवली, तर तीच मेहनत दहा कामांना पुरेल.

आता सर्व्हर खोलीकडे येऊ.

संगणकावरच्या माहितीची नक्कल रोज रात्री घेतली जाते, हे बहुतेकांना माहीत असतं. नक्कल टेपवर जाते, दुसऱ्या डिस्कवर जाते, कधी दुसऱ्या शहरात जाते. पण कुठली फाइल, कुठल्या रात्री, कुठल्या टेपवर, किती अंतरावर उतरली, हे लिहिणारी एक वेगळी वही असते. तिला कॅटलॉग म्हणतात आणि ती स्वतःच एक डेटाबेस असते. फाइल परत मागितली की यंत्र आधी ही वही उघडतं.

ही वही किती वेगानं फुगते ते एका हिशेबानं पाहू. एखाद्या संस्थेत दहा लाख फाइली आहेत असं धरा. रोज रात्री सगळ्यांची पूर्ण नक्कल घेतली आणि महिनाभर ठेवली, तर महिन्याअखेरीस वहीत तीन कोटी ओळी होतात. एका ओळीला साधारण दीडशे बाइट धरले तर नुसत्या ओळींचे साडेचार जीबी, आणि शोध लवकर लागावा म्हणून वहीलाच जी सूची जोडावी लागते ती वेगळी. हेच, महिन्यातून एकदा पूर्ण नक्कल आणि बाकीच्या एकोणतीस रात्री फक्त बदललेल्या फाइली, असं ठेवलं आणि रोज वीस हजार फाइली बदलतात असं धरलं, तर ओळी होतात पंधरा लाख ऐंशी हजार. कुठे तीन कोटी, कुठे सोळा लाख! पोथी आणि पत्रांचा नियम इथेही तसाच लागू पडतो. चार जीबीचा सिनेमा म्हणजे वहीत एक ओळ. लाख पत्रांचा ईमेलचा साठा म्हणजे लाख ओळी, मग त्याचं वजन सिनेमाच्या निम्मं का असेना. नव्या साठ्याला किती टीबी लागतील हे सगळे विचारतात. फाइली किती, हे विचारलं जात नाही, आणि कॅटलॉग बसतो तो त्या न विचारलेल्या आकड्यामुळे.

मग छाटणी करावी लागते. ‘बॅक्युला’ नावाचं खुलं सॉफ्टवेअर जगभर वापरात आहे. त्यात तीन मुदती वेगवेगळ्या ठरवता येतात: फाइलवार ओळी किती दिवस ठेवायच्या, त्या रात्रीच्या कामाची नोंद किती दिवस, आणि टेप किती दिवस. काही बदललं नाही तर साठ दिवस, एकशे ऐंशी दिवस आणि एक वर्ष. या तीन आकड्यांत मला सहा गठ्ठे आणि पेशवे दफ्तर दोन्ही दिसतात. साठ दिवसांनी फाइलवार ओळ गेली तरी टेप जागेवरच असते. पण आता एक फाइल नेमकी उचलता येत नाही. सबंध रात्रीची नक्कल उतरवून आत शोधावं लागतं, म्हणजे रुमाल सोडून बसावं लागतं. कामाचीही नोंद गेली तर टेप पहिल्यापासून वाचून वही पुन्हा लिहिणारा एक प्रोग्राम त्यात आहे, पण मोठ्या टेपांना त्यात दिवसच्या दिवस जातात. म्हणून मुदती ठरवणं हे नुसतं यंत्र लावणाऱ्याचं काम नव्हे. किती महिन्यांपूर्वीचा कागद लोक खरोखर मागतात, हे हिशेबनीस आणि परीक्षा विभाग सांगू शकतो. त्यांना विचारून ठरवावं.

माझं मत असं की संगणकाच्या रोजच्या कॅटलॉगमध्ये कठोर छाटणी करावी, आणि ढोबळ नोंद मात्र कधीच पुसू नये. अमुक तारखेला, अमुक विभागाची, अमुक टेपवर पूर्ण नक्कल घेतली, एवढी ओळ जन्मभर ठेवायला काहीच जागा लागत नाही. वर्षाअखेरची फाइलवार यादी चालत्या वहीतून काढून साध्या मजकुराच्या फाइलीत वेगळी ठेवावी. चालती वही हलकी राहते आणि जुनं शोधायची वाटही उरते.

आणि वहीचीही प्रत हवी. हे ऐकायला उघड वाटतं, पण चूक होते ती इथेच. कॅटलॉगची नक्कल सगळ्यांच्या शेवटी घ्यायची, नाहीतर त्या रात्रीच्या ओळी तिच्यात येतच नाहीत. आणि ती कुठल्या टेपवर आहे हे त्याच कॅटलॉगमध्ये लिहून उपयोग नाही. कागदावर, दुसऱ्या इमारतीत, दोन माणसांना ठाऊक असलं पाहिजे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथसंग्रहाची कॅलिमाकसनं एकशेवीस भागांत सूची केली होती, असं जुने लेखक सांगतात. संग्रह गेला आणि सूचीही गेली; तुकडेच उरले. काय काय गेलं हेसुद्धा आपल्याला धड सांगता येत नाही. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. जळालेल्या फाइली पुन्हा उभ्या करायच्या तर जिल्ह्याजिल्ह्यांत गेलेली पत्रं, आदेशांच्या प्रती आणि स्कॅन केलेली पानं हाच आधार होता.

आणखी ताजा दाखला दक्षिण कोरियाचा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं ज्या सामायिक साठ्यात ठेवत, तो ८५८ टीबीचा साठा खाक झाला. त्याची बाहेर नक्कल नव्हती, आणि साठा फार मोठा असल्यानं ती घेता आली नाही, असं कारण दिलं गेलं. संगणकाच्या बाबतीत जगात पुढे असलेल्या देशात हे घडलं. २०१७ सालच्या ३१ जानेवारीला गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा नक्कल घेण्याच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि वेळेला त्यांतली एकही नीट चालत नव्हती. कुणाच्या तरी हाताशी सहा तासांपूर्वीची एक प्रत होती म्हणून निभावलं.

हे सगळं धुळ्या-जळगावच्या छोट्या संग्रहांना लागू पडतं का? पडतं. आज जुन्या पोथ्या स्कॅन करायला पैसा मिळतो, कारण स्कॅन दाखवता येतो. जळगावच्या गांधी तीर्थात अभिलेखागार आहे. केंद्र सरकारचं हस्तलिखित अभियान २००३ साली सुरू झालं. २०२५च्या अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मोहिमेखाली एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन करण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण स्कॅनरमधून बाहेर पडणाऱ्या फाइलीचं नाव असतं नुसता एक आकडा. एका पोथीची चारशे पानं म्हणजे चारशे फाइली, प्रत्येकीची मोठी प्रत, छोटी प्रत, आणि नक्कल. बाराशे, सोळाशे ओळी तयार होतात आणि ‘दासबोध, अमुक शक, अमुक लेखक, बाड अमुक’ ही माणसानं लिहायची एक ओळ राहून जाते. फोल्डरला ‘नवीन २’ असं नाव पडतं. मूळ बाडाचा जुना अंक फाइलीच्या नावात घातला नाही, तर शंभर वर्षांच्या तळटिपा आणि नवी चित्रं यांचा सांधाच तुटतो. तळटीप वाचून आलेल्या अभ्यासकाला ते पान कुठे शोधायचं ते कळत नाही. म्हणून जुना अंक कधीही बदलू नये. नवा घालायचाच असेल तर जुना शेजारी ठेवावा आणि दोन्हींचा मेळ सांगणारं एक कोष्टक छापून ठेवावं.

या कामाला पगारी माणूस लागतो, आणि तो कायमचा लागतो. स्कॅनिंगचं कंत्राट संपतं. यादीचं काम संपत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यानं चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक कार्यालयावर आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. पण अभिलेखपालाची जागा रिकामी असेल तर त्या कलमानं काय साधणार? थिओडोर आउफ्रेख्टनं एकट्यानं संस्कृत हस्तलिखितांच्या याद्यांची यादी १८९१ ते १९०३ या काळात तीन भागांत केली. ती अपुरी पडली म्हणून मद्रास विद्यापीठानं १९३५ साली नवी हाती घेतली. तिचा पहिला खंड १९४९ साली आला, आणि व्ही. राघवन यांच्यानंतरच्या पिढ्याही त्यावर राबत राहिल्या. आपल्याकडे शंकर गणेश दात्यांनी १८००पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची केली. १९३७पर्यंत एक खंड, मग १९५०पर्यंत दुसरा. एका माणसाचं आयुष्य त्यात गेलं. दात्यांच्या सूचीशिवाय एकोणिसाव्या शतकावर एक पानही लिहिता येत नाही.

ज्याची प्रतच झाली नाही, त्याची तर नोंदही करता येत नाही. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी जे ऐकलं आणि उतरवलं, तेवढंच १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आलं. शेतात आणि जात्यावर त्या आयुष्यभर गात होत्या. त्यातलं किती गेलं, याची यादी कुठेच नाही.

म्हणून ज्याची प्रत झाली आहे, तिचा पत्ता हरवू देणं मला सहन होत नाही. एखाद्या संस्थेची यादी खरी आहे का, हे तपासायला मोठं पथक लागत नाही. वर्षातून एकदा डोळे मिटून यादीतल्या दहा ओळींवर बोट ठेवावं आणि ते बाड, ती फाइल, ती टेप प्रत्यक्ष काढून उघडून पाहावी. मग उलट करावं: कपाटातून कुठलीही दहा बाडं उचलावीत, साठ्यातल्या कुठल्याही दहा फाइली घ्याव्यात, आणि त्या यादीत आहेत का ते बघावं. पहिल्या तपासणीत जे सापडत नाही ते हरवलेलं असतं. दुसऱ्या तपासणीत जे सापडत नाही ते डोळ्यांसमोर असतं, फक्त कुणी मागायला आलं तर देता येणार नाही. दोन्हींचे आकडे त्या वर्षाच्या अहवालात छापावेत, मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी.